श्यामच्या अंगणातून पंढरीच्या महाद्वारी

मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील कुर्डुवाडी हे पंढरीच्या वाटेवरचे जंक्शन. बार्शी लाइट रेल्वेचा फाटा 1906 मध्ये पंढरपूरपर्यंत गेला आणि पुढे अनेक दशके दूरदूरचे वारकरी कुर्डुवाडीस उतरून त्या छोट्या गाडीने विठ्ठलाच्या भेटीस जात राहिले. गाडी सर्वांसाठी होती, मंदिर मात्र नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना महाद्वाराबाहेर, चोखोबांच्या समाधीपाशीच थांबावे लागे. ही बंदी उठावी म्हणून ज्यांनी प्राण पणाला लावले, त्या साने गुरुजींचे नाव पांडुरंगच होते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील दापोलीजवळच्या पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरून कर्जाचे दिवस आलेले. अशा घरात आई यशोदाबाईंनी मुलाच्या मनाची मशागत केली. शिक्षणासाठी तो दापोली, औंध व पुणे असा फिरत राहिला. 1917 मध्ये आईचे निधन झाले तेव्हा तो जवळ नव्हता. ती सल त्याच्या मनातून कधीच गेली नाही.

एम. ए. झाल्यावर 1924 मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांची सेवा करता करता ते सर्वांचे गुरुजी बनले. 1930 मध्ये नोकरी सोडून त्यांनी सत्याग्रहात उडी घेतली. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये अवघ्या काही दिवसांत त्यांनी आईच्या आठवणी कागदावर उतरविल्या. आश्रमातील सोबत्यांना श्याम रात्रीमागून रात्री आपले बालपण सांगतो, अशी रचना असलेले ‘श्यामची आई’ हे पुस्तक 1935 मध्ये प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी 1953 मध्ये त्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले.

डोळे ओलावणारे पुस्तक एवढीच त्याची ओळख अपुरी आहे. त्यात एका दलित म्हातारीची मोळी खाली पडते आणि ती उचलून देण्यास आई श्यामला पाठविते. मदतीनंतर घरी येऊन स्नान करण्यासही तीच सांगते. रूढी मोडण्याचे बळ तिच्यात नव्हते. पण रूढीपेक्षा म्हातारीची अडचण मोठी, हे तिला उमजले होते. आईचे हे अर्धे राहिलेले पाऊल मुलाने पुढे पंढरपुरात पूर्ण केले.

मंदिरप्रवेशासाठी गुरुजींनी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. सनातन्यांचा विरोध तीव्र होता. गांधीजींनाही प्रारंभी हे उपोषण मान्य नव्हते. तरीही 1 मे 1947 रोजी गुरुजींनी पंढरपुरात उपोषणास आरंभ केला. बडव्यांनी मंदिर खुले करण्यास संमती दिल्यावर 10 मे रोजी त्याची सांगता झाली. स्वातंत्र्य अवघ्या तीन महिन्यांवर आले होते.

त्यानंतरची वर्षे मात्र वेदनेची ठरली. जानेवारी 1948 मधील गांधीहत्येने ते विदीर्ण झाले आणि त्यांनी 21 दिवसांचे प्रायश्चित्त घेतले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतीय भाषांना परस्परांजवळ आणणाऱ्या आंतरभारतीचे स्वप्नही त्यांनी पाहिले. परंतु भोवतालची निराशा त्या कोमल मनास असह्य झाली. 11 जून 1950 रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःहून संपविली.

कुर्डुवाडीची ती छोटी गाडी आता इतिहासजमा झाली असून तेथे रुंद रूळ आले आहेत. पंढरीस उतरणाऱ्या भाविकाला आज त्याची जात कोणी विचारीत नाही. मंदिराचे दार असे मोकळे होण्यामागे पालगडच्या एका आईने मुलाला लावलेले वळणही आहे.