पालवणकर बाळू: खेळू दिले, पण कर्णधार होऊ दिले नाही

आपल्या वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत आणि युवक शिबिरांत अलीकडे एक नवा वक्ता दिसू लागला आहे. कोट घालून येतो, पडद्यावर चित्रे दाखवतो आणि सांगतो की तुमची प्रगती तुमच्याच मनाने अडवली आहे. मनातली मर्यादा काढून टाका, यश तुमचेच आहे. पोरं टाळ्या वाजवतात. दोन महिन्यांनी मुलाखतीत नापास झाली की तीच पोरं आमच्याकडे येतात आणि म्हणतात की आपण मनापासून प्रयत्नच केला नसेल. म्हणजे आधी नोकरी गेली आणि वर दोषही पदरात पडला.

न्यूनगंड खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो आहे, आम्ही तो रोज पाहतो. मुलाखतीचे पत्र हातात असूनही दारातून परत फिरणारी मुले आहेत. पण हा गंड माणूस जन्मताना घेऊन येत नाही. तो कोणीतरी शिकवतो, आणि भाषणापेक्षा कपबशीतून, बसण्याच्या जागेतून, नाव पुकारण्याच्या पद्धतीतून अधिक शिकवतो. हे समजून घ्यायला आम्हाला एका क्रिकेटपटूचे आयुष्य फार उपयोगी वाटते. आपल्या चळवळीत त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. त्याला कारण आहे, आणि ते कारणही या लेखात येईल.

पालवणकर बाळू यांचा जन्म 1876 साली धारवाडला, चांभार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने बालपण पुण्यात गेले. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूवर बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा लवकर सुटली. पहिली नोकरी मिळाली ती पारशी मंडळींच्या क्रिकेट मैदानावर. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि कधीमधी सरावाला चेंडू टाकायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे 1892 च्या सुमारास ते पुण्यातल्या इंग्रजांच्या क्लबात लागले आणि पगार चार रुपये झाला.

या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज होता, त्या काळात हिंदुस्थानातल्या गोऱ्यांमधला सर्वांत नावाजलेला. तो रोज लवकर मैदानावर यायचा आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावायचा. आपल्याला बाद केले की तो आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांचे काहीही असो, तासन्‌तास चाललेल्या त्या सरावातून एक विलक्षण डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. चेंडू दोन्हीकडे वळवायचा, उंची देऊन फलंदाजाला पुढे खेचायचा, टप्पा सोडायचा नाही.

पण त्या क्लबात बाळूंच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबाची आणि चेंडू टाकणे नोकराचे, ही तिथली रीत होती. कामाची ही वाटणी आम्हा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लगेच ओळखू येते. कौशल्य नोकराचे असले तरी त्या कौशल्याची किंमत ठरवणारा वेगळाच असतो. आणि वर्षानुवर्षे हातात बॅटच आली नाही, तर आपण फलंदाज नाहीच, असे त्या माणसाला वाटू लागले तर त्यात नवल काय? इथे मनातली मर्यादा आधी मैदानावर आखली गेली होती.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायचे होते. इंग्रजांच्या सगळ्यात मोठ्या फलंदाजाला रोज चकवणारा माणूस हाताशी होता, पण तो अस्पृश्य. क्लबातल्या काही तेलुगू सभासदांनी बाळूंना घ्यावे असा आग्रह धरला, तर ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. शेवटी जिंकण्याची हौस सोवळ्यावर मात करून गेली आणि बाळू संघात आले. कसे आले तेही पाहा. मैदानावर त्यांनी फिरवलेला चेंडू सगळे हातात घ्यायचे. चेंडू कातड्याचाच, त्याने कोणी बाटले नाही. चहाची सुट्टी झाली की मात्र इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी हवे तर ते अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचे.

आमच्यापैकी ज्यांनी कुठल्याही गावात पंगतीच्या कडेला बसून जेवण केले आहे, त्यांना हे वाचून नवीन काही कळणार नाही. मुद्दा वेगळा आहे. त्या तंबूबाहेर चहा पिऊन हा माणूस परत मैदानात जायचा आणि बळी घ्यायचा. साताऱ्यातल्या इंग्रज संघावरच्या विजयानंतर त्यांचे नाव गाजले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनी त्यांची जाहीर बाजू घेतली, आणि हळूहळू चहाच्या भांड्यातला भेदही कमी झाला, असे त्यांच्या चरित्रात येते.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. इथे हिंदू जिमखान्यातही प्रवेशावरून कुरबूर झाली, पण कर्णधार कीर्तिकरांनी ती मोडून काढली. नोकरी रेल्वेत मिळाली. फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला 109 धावांनी हरवले. शेवटच्या डावात युरोपियन 102 धावांत गारद झाले आणि त्यात मोठा वाटा बाळूंचा होता. शिवरामही त्या संघात होते. सुधारकी वृत्तपत्रांनी तेव्हा लिहिले की जात बाजूला ठेवली म्हणून हा विजय मिळाला. चांगले लिहिले, पण त्यात एक अर्धवटपणा होता. जात खेळपट्टीपुरती बाजूला ठेवली होती.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सुमारच झाली. महाराज स्वतः बहुतेक काळ मेजवान्यांत रमले. बाळू तेव्हा पस्तिशीचे होते, खांदा दुखत होता, तरी त्यांनी त्या दौऱ्यात 18.84 च्या सरासरीने 114 बळी घेतले. एकाच माणसाने किती ओझे वाहिले ते या आकड्यांवरून कळते. परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला, आणि त्या सत्काराच्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. बाबासाहेब तेव्हा अजून कॉलेजात होते. इंग्रजांच्या मैदानावर इंग्रजांना बाद करणारा आपला माणूस पाहून त्या पिढीतल्या शिकणाऱ्या पोरांना काय वाटले असेल, याची कल्पना आज करता येते.

आता कर्णधारपदाचे बघू. 1911 नंतर हिंदू संघात बाळूंपेक्षा अनुभवी आणि यशस्वी खेळाडू नव्हता. तरी दरवर्षी कर्णधार दुसराच. 1913 मध्ये तर स्वतः कर्णधार एम. डी. पै यांनी जाहीर सभेत कबूल केले की हा मान खरे तर बाळूंना मिळायला हवा होता. सगळ्यांना पटत होते, करत कोणीच नव्हते. बाळू मात्र खेळत राहिले. बळी घेत राहिलो तर उद्या ना परवा हा मान आपोआप मिळेल, अशी त्यांची धारणा असावी असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. आमच्या मते हीच त्यांच्या आयुष्यातली खरी अडवणारी समजूत होती. आपण कमी आहोत असे त्यांना कधीच वाटले नाही. पण आणखी थोडे सिद्ध केले की समोरचा आपल्याला बरोबरीचा मानेल, हे मात्र त्यांना वाटत राहिले. ही समजूत न्यूनगंडापेक्षा फसवी असते, कारण ती दिसायला आत्मविश्वासासारखी दिसते. आज मोठ्या कंपन्यांत आणि विद्यापीठांत पोहोचलेली आपली कितीतरी मुले याच समजुतीने दिवसाला चौदा तास राबत आहेत, बढती मात्र शेजारच्या टेबलावर जाते.

1920 साली गाठ सुटायला सुरुवात झाली, ती भावांमुळे. पालवणकर घरातून तोवर शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे तिघे धाकटे भाऊ वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले होते. धाकटा विठ्ठल मुख्यतः फलंदाज होता. ज्या घरातल्या थोरल्याला क्लबाने बॅट दिली नाही, त्याच घरात पुढे असा फलंदाज निघाला. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातून वगळले गेले. पै आजारी पडल्याने कर्णधार बदलायची वेळ आली, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांना डावलून वरच्या जातीच्या तरुण खेळाडूकडे संघ सोपवला. दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले. केवळ जातीमुळे आम्हाला बाजूला सारले जात आहे आणि हा अपमान सोसून आम्ही खेळणार नाही, अशा आशयाचे निवेदन त्यांनी वर्तमानपत्रात दिले.

मुंबई हादरली. असहकाराच्या गप्पा सगळीकडे चालू होत्या, आणि दोन चांभार भावांनी खरोखर असहकार करून दाखवला होता. पुढच्या सामन्यासाठी बाळू संघात परत आले, उपकर्णधार झाले, आणि पै काही काळ मैदानाबाहेर राहिल्याने बाळूंनी प्रत्यक्ष संघ चालवला. चव्वेचाळीसाव्या वर्षी, तेही दुसऱ्याने सोडलेल्या जागेवर. अपुरा मान होता, पण वीस वर्षांच्या कामगिरीने जे झाले नाही ते एका नकाराने झाले. 1923 साली विठ्ठल पालवणकर रीतसर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने स्पर्धा जिंकली. सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. विठ्ठल यांनी पुढे आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले, ते खेळाडूंनी जरूर मिळवून वाचावे.

भाऊ नाही म्हणाले, थोरला भाऊ कधी म्हणाला नाही. या स्वभावाची किंमत पुढे राजकारणात दिसली, आणि आपल्या लोकांनी बाळूंना मनाआड केले ते इथेच. 1932 मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या विरोधी बाजूला, संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर त्यांचीही सही आहे. 1935 च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी धर्मांतराला विरोध केला. आणि 1937 च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध त्यांनाच उभे केले. मुंबईच्या गिरणी भागातल्या त्या लढतीत बाबासाहेबांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते मिळाली. क्रिकेटचा नायक म्हणून त्यांची लोकप्रियता किती होती ते या दोन हजारांच्या फरकावरून कळते, आणि काँग्रेसने उमेदवार किती हिशेबाने निवडला होता तेही.

काही कार्यकर्ते त्यांना यावरून सरळ गद्दार म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. बाळूंना आयुष्यात जे मिळाले ते हिंदू संघाच्या नावाने खेळूनच मिळाले होते. मातीच्या भांड्यापासून चिनी कपापर्यंतचा बदल त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. या घरात राहूनच दार उघडेल, असे अशा माणसाला वाटणे समजण्यासारखे आहे. बाबासाहेबांनीही महाडला पाण्यासाठी आणि नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आधी वाट पाहिलीच होती. फरक एवढाच की किती वाट पाहायची याला त्यांनी मर्यादा घातली, आणि ती संपल्यावर उठून दुसरे घर बांधायला घेतले. बाळूंनी तशी मर्यादा घातली नाही. आम्हाला त्यांची चूक वाटते ती इथे, आणि ती निव्वळ त्यांच्या एकट्याची चूक म्हणवत नाही. ज्याला पहिल्या भिंतीने आयुष्यभर पुरेसे दमवले, त्याच्याकडून पुढच्या सगळ्या भिंतींचा हिशेब मागणे कठीण आहे.

प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 15.21 च्या सरासरीने 179 बळी, एवढी नोंद त्यांच्या नावावर राहिली. भारताचा पहिला कसोटी सामना 1932 साली झाला तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. जुलै 1955 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा पंधरा महिने बाकी होते.