परक्या त्वचेचे वैर

१९४० साली ऑक्सफर्ड येथे एका घराजवळ बाँबफेकी विमान कोसळले. त्यातील एक सैनिक वाचला, परंतु भयंकर भाजलेला होता. त्या घरात राहणारे तरुण प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांना डॉक्टरांनी सल्ला विचारला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरून गेली. दुसऱ्याची त्वचा अशा रुग्णाच्या अंगावर का टिकत नाही, हा तो प्रश्न होय.

मेडावर यांचा जन्म १९१५ साली ब्राझीलमध्ये झाला; वडील लेबनीज, आई इंग्रज. ग्लासगो येथे शल्यचिकित्सक टॉमस गिब्सन यांच्यासमवेत त्यांनी भाजलेल्या एका स्त्रीवर तिच्या भावाच्या त्वचेचे लहान तुकडे बसविले. ते काही दिवसांनी गळून पडले. दुसऱ्या खेपेचे तुकडे मात्र त्याहून फार लवकर नष्ट झाले. शरीराने जणू पहिल्या भेटीची नोंद ठेवली होती! नकार हे प्रतिकारशक्तीचेच कार्य आहे, हे १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातून दिसले.

पुढची पायरी चुकीतून गाठली गेली. गाईंची एकसारखी व भिन्न जुळी वासरे त्वचारोपणाने सहज ओळखता येतील, असे मेडावर यांनी १९४८ साली ठामपणे सांगून टाकले. प्रत्यक्षात भिन्न जुळ्यांनीही एकमेकांची त्वचा स्वीकारली. असा फजितीचा अनुभव पुष्कळ विद्वान दडवून ठेवतात. मेडावर त्याच्या मागे लागले. गर्भाशयात त्या जुळ्यांचे रक्त एकमेकांत मिसळते, हे रे ओवेन यांनी १९४५ सालीच दाखविले होते. मग उंदरांच्या गर्भांत परक्या पेशी टोचण्यात आल्या. मोठेपणी त्या उंदरांनी त्याच वंशाच्या उंदराची त्वचा आपली मानली. बिलिंगहॅम व ब्रेंट या सहकाऱ्यांसह हा शोध १९५३ साली प्रसिद्ध झाला. १९६० साली मेडावर यांना बर्नेट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा आपल्या वाट्याच्या रकमेत त्यांनी या दोघांना सहभागी करून घेतले. श्रेयाची अशी वाटणी विरळाच.

१९६९ साली पक्षाघाताने त्यांचे अर्धे शरीर लुळे पडले, तरी १९८७ साली मृत्यू येईपर्यंत लेखन थांबले नाही. रक्तातील लसिकापेशी रोपित त्वचेपर्यंत पोहोचतात कशा, हे मात्र १९८० नंतर उलगडत गेले. या पेशींवरील व रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावरील विशिष्ट रेणू एकमेकांना चिकटतात, वाहत्या पेशी तेथे थबकतात आणि अस्तर ओलांडून परक्या ऊतीवर तुटून पडतात. प्राण्यांमध्ये हे रेणू प्रतिपिंडांनी अडविल्यास नकार लांबतो, असेही आढळले. तथापि गंभीर भाजलेल्या रुग्णावर दात्याची त्वचा आजही बहुधा तात्पुरते आच्छादन म्हणूनच घातली जाते; कायमची हवी असेल तर ती त्याच्याच अंगावरून घ्यावी लागते.