विश्लेषण : संगणक ‘बूट’ करणारी फ्लॉपी आणि विस्मृतीत गेलेले गॅरी किल्डाल

विंडोज संगणकातील मुख्य ड्राइव्हला ‘सी’ का म्हणतात? कारण ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे एकेकाळी फ्लॉपी ड्राइव्हसाठी राखलेली होती. छोट्या संगणकांवर ही पद्धत रुळवली गॅरी किल्डाल यांच्या ‘सीपी/एम’ या ऑपरेटिंग सिस्टीमने. आयबीएमचे अधिकारी दारात आले तेव्हा विमान उडवायला गेलेला माणूस, एवढीच त्यांची ओळख अनेकदा सांगितली जाते. त्यांचे खरे काम मात्र फ्लॉपीच्या पहिल्या दोन ट्रॅकवर होते.

किल्डाल कोण होते?

त्यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे झाला. त्यांचे कुटुंब नौकानयन शिकवणारी शाळा चालवत असे. वॉशिंग्टन विद्यापीठातून १९७२ मध्ये त्यांनी संगणकशास्त्रात पीएचडी मिळवली. कॅलिफोर्नियातील मॉंटेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत ते शिकवत. इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर हाती आला आणि त्यांना नवी वाट दिसली. पुढे इंटेलचे सल्लागार म्हणून त्यांनी १९७३ मध्ये ‘पीएल/एम’ ही भाषा तयार केली.

अडचण काय होती?

त्या काळी छोट्या संगणकात प्रोग्रॅम भरायचा तर छिद्रे पाडलेली कागदी पट्टी वापरावी लागे. ते काम फार संथ होते. किल्डाल यांनी शुगार्ट कंपनीचा आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला, पण तो संगणकाला जोडणारे सर्किट त्यांना जमेना. ते त्यांचे मित्र जॉन टोरोड यांनी बनवले. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या गावात सीपी/एम पहिल्यांदा चालताना दिसली. त्यानंतर पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी डिजिटल रिसर्च ही कंपनी उभी केली.

बूट फ्लॉपी कशी चालत असे?

संगणक सुरू झाला की रॉममधला एक छोटासा प्रोग्रॅम फ्लॉपीचा पहिला सेक्टर वाचतो. त्या सेक्टरमधील सूचना उरलेली ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीत आणतात. आठ इंची फ्लॉपीवर ७७ ट्रॅक असत. त्यातले पहिले दोन सीपी/एमसाठी राखीव होते. फाइलींच्या यादीत ते दिसत नसत. त्यामुळे एका फ्लॉपीवरच्या सगळ्या फाइली दुसरीवर घेतल्या, तरी दुसरी फ्लॉपी बूट होत नसे. त्यासाठी ‘सिसजेन’ नावाचा प्रोग्रॅम चालवून हे दोन ट्रॅक वेगळे उतरवावे लागत.

यात आणखी एक खोच होती. मोठा प्रोग्रॅम सीपी/एमच्या काही भागाची मेमरीतली जागाही वापरू शके. म्हणून प्रोग्रॅम संपला की तो भाग ‘ए’ ड्राइव्हमधून पुन्हा वाचला जाई. तेव्हा तिथे सिस्टीम नसलेली फ्लॉपी असेल तर काम तिथेच अडे.

‘बायोस’चे महत्त्व काय?

प्रत्येक कंपनीचा संगणक आणि फ्लॉपी ड्राइव्ह वेगळा होता. दर वेळी संपूर्ण सिस्टीम नव्याने लिहिणे परवडणारे नव्हते. किल्डाल यांनी यंत्रावर अवलंबून असलेला भाग बाजूला काढला आणि त्याला ‘बायोस’ म्हटले. नव्या संगणकासाठी फक्त तेवढा भाग बदलायचा, बाकीची सिस्टीम तशीच ठेवायची. त्यामुळे एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरही चालू लागला. ऑस्बोर्न १, केप्रो, अ‍ॅमस्ट्रॅड पीसीडब्ल्यू अशी यंत्रे सीपी/एमवर चालली. कमोडोर १२८ हा घरगुती संगणकही सीपी/एमची डिस्क घालून सुरू केला की त्या सिस्टीममध्ये उघडत असे.

आयबीएम प्रकरणात काय घडले?

१९८० मध्ये आयबीएमचे अधिकारी पॅसिफिक ग्रोव्हला आले, तेव्हा किल्डाल कामानिमित्त स्वतःच्या विमानाने गेले होते. कंपनीचे करारमदार डोरोथीच पाहत. आयबीएमच्या गोपनीयता करारावर सही करण्यावरून बोलणी अडली. ते त्याच दिवशी परतले, पण सौदा काही झाला नाही.

आयबीएमने मायक्रोसॉफ्टकडे मोर्चा वळवला. मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका कंपनीकडून सीपी/एमच्या धर्तीवरची सिस्टीम विकत घेतली. तीच पुढे डॉस झाली. किल्डाल यांनी तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एम-८६ देखील विकायला ठेवली. मात्र डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम-८६ तब्बल २४० डॉलरला मिळत होती. ग्राहकाने काय निवडले असेल, हे सांगायला नको.

पुढे काय झाले?

डिजिटल रिसर्च १९९१ मध्ये नोव्हेल कंपनीने विकत घेतली. किल्डाल यांनी ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे सहसूत्रसंचालन केले, पण हुकलेल्या सौद्याची कथा शेवटपर्यंत त्यांना चिकटून राहिली. डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर ११ जुलै १९९४ रोजी मॉंटेरे येथे वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पॅसिफिक ग्रोव्हमध्ये कंपनीच्या जुन्या जागेबाहेर २०१४ मध्ये त्यांच्या कामाची नोंद घेणारा फलक बसवण्यात आला. फ्लॉपी केव्हाच गेली. पण तुमच्या हातातल्या फोनमध्येही यंत्राशी बोलणारा भाग वेगळा आणि बाकीची सिस्टीम वेगळी असते. म्हणूनच वेगवेगळ्या कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनवर एकच अ‍ॅप चालते. छोट्या संगणकांच्या जगात ही विभागणी रुजवली किल्डाल यांनी. सौदा हुकल्याची कथा सांगताना तेवढे सांगायचे राहून जाते.