बडतर्फ अधिकारी आणि शहराचे पाणी

बराकपूरच्या मणिरामपूर भागातून गंगेच्या काठाने उत्तरेकडे गेले की पलत्याचे जलशुद्धीकरण केंद्र लागते. १८७० च्या सुमारास येथून कोलकात्याला गाळलेले पाणी जाऊ लागले. त्या शहराचे तेव्हा दोन भाग होते. एक गोऱ्यांची वस्ती, आणि दुसरी आपल्या लोकांची, जिला इंग्रज ‘ब्लॅक टाऊन’ म्हणत. नळ, गटारे, दिवे यांची वाटणीही बऱ्याच अंशी त्याच रेषेने होई. निवृत्तीनंतर मी इकडे राहावयास आलो. सकाळी या वाटेने फिरताना मणिरामपूरचे जुने रहिवासी सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांची आठवण होते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी त्यांना ‘मवाळ’ या एका शब्दात गुंडाळून ठेवले आहे. मला मात्र ते प्रथम आठवतात ते सेवेतून काढून टाकलेले सहकारी म्हणून.

डॉक्टर दुर्गाचरण बॅनर्जी यांच्या या मुलाचा जन्म १८४८ चा. रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त यांच्यासमवेत ते १८६८ मध्ये विलायतेला गेले आणि पुढच्याच वर्षी सनदी सेवेची परीक्षा उत्तीर्ण झाले. वयाच्या नोंदीवरून त्यांचे नाव गाळले गेले, तेव्हा त्यांनी न्यायालयात जाऊन ते परत मिळविले. नेमणूक सिल्हेटला झाली. तेथे नाव चोरल्याचा आरोप असलेल्या युधिष्ठिर नावाच्या माणसाचे प्रकरण दीर्घकाळ पडून होते. आरोपी फरारी नसताना त्याचे नाव फरारींच्या यादीत गेले आणि त्या कागदावर या तरुण अधिकाऱ्याची सही होती. चूक खरी होती. पण मी स्वतः चौकशीच्या फायली अनेक वर्षे हाताळल्या आहेत. दिवसाअखेरीस कारकुनाने पुढे सरकवलेल्या गठ्ठ्यावर डोळे मिटून सही न केलेला अधिकारी मला तरी भेटलेला नाही. अशा चुकीला ताकीद पुरते. सुरेंद्रनाथांना १८७४ मध्ये बडतर्फ करण्यात आले आणि दयेपोटी दरमहा ५० रुपये लावून देण्यात आले. गोऱ्या अधिकाऱ्याला हीच शिक्षा झाली असती, असे मला वाटत नाही. दाद मागण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. तेथे अपील फेटाळले गेले आणि बॅरिस्टरीची दारेही बंद झाली.

परतल्यावर ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यांना आपल्या महाविद्यालयात शिकविण्याचे काम दिले. २६ जुलै १८७६ रोजी इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. त्याच दिवशी त्यांचा मुलगा वारला होता, तरी ते सभेला गेले. सनदी परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली, तेव्हा त्यांनी उत्तर भारतात आणि पुढे मुंबई-पुण्याकडे दौरा केला. परीक्षा मूठभरांची होती, हे खरे. पण लाहोरपासून पुण्यापर्यंत एकाच मागणीसाठी सभा भरतात, हे प्रथमच दिसत होते. असोसिएशनने रयतेच्या सभाही घेतल्या. तिचे एक कार्यकर्ते द्वारकानाथ गांगुली यांनी आसामच्या चहामळ्यांत जाऊन मजुरांचे हाल वर्तमानपत्रांतून मांडले.

सुरेंद्रनाथांचे दीर्घ काम मात्र नगरपालिकेत झाले. १८७६ पासून ते कोलकाता महापालिकेचे सभासद होते आणि येथील उत्तर बराकपूर नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. १८९९ च्या मॅकेंझी कायद्याने कोलकात्यातील लोकनियुक्त सभासद ५० वरून २५ वर आणले, तेव्हा २८ जणांनी राजीनामे दिले. त्यांत सुरेंद्रनाथ होते. वरवर हा आकड्यांचा वाद होता. नळ कोणत्या गल्लीत प्रथम जाणार, हे कोणी ठरवावयाचे, हा त्यातील खरा प्रश्न. वर्णाच्या हक्काचा झगडा कचरा-पाण्याशी येऊन भिडतो, हे काही आपल्याकडेच घडले नाही. मार्टिन ल्यूथर किंग १९६८ मध्ये मेम्फिसला गेले होते ते कृष्णवर्णीय सफाई कामगारांच्या संपासाठी, आणि तेथेच त्यांची हत्या झाली.

१८९५ मध्ये पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ होते. त्याच सुमारास त्यांच्या घरापासून जवळच टिटागडच्या ताग गिरण्यांतील मजूर सणांच्या सुट्यांसाठी खवळले होते. नदीकाठच्या दाट चाळींत राहणाऱ्या या माणसांना मत नव्हते; मत होते ते कर भरणाऱ्याला. सुरेंद्रनाथांनी गोऱ्या-काळ्याची रेषा पुसण्यासाठी आयुष्य वेचले. ही दुसरी रेषा त्यांच्या राजकारणात कधी मध्यभागी आली नाही. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही हे नोंदवावे लागते.

वंगभंगाच्या आंदोलनाने त्यांना लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. पुढे काळ बदलला. १९१८ मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली आणि १९२१ मध्ये ते बंगालचे स्थानिक स्वराज्य व आरोग्य मंत्री झाले. असहकाराच्या दिवसांत मंत्रिपद आणि ‘सर’ ही पदवी स्वीकारणारा मनुष्य तरुणांच्या मनातून उतरणारच. परंतु त्याच खुर्चीवरून त्यांनी १९२३ चा कोलकाता महापालिका कायदा आणला. लोकनियुक्तांचे बहुमत परत आले, महापौर निवडून येऊ लागला, स्त्रियांना मत मिळाले. मॅकेंझीचा हिशेब चुकता व्हायला २४ वर्षे लागली.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत बराकपूरच्या मतदारांनी त्यांना पाडले. विजयी झाले ते स्वराज्य पक्षाच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले डॉक्टर बिधानचंद्र रॉय. नव्या कायद्याखालचे पहिले महापौर १९२४ मध्ये चित्तरंजन दास झाले. सुरेंद्रनाथांनी घडविलेल्या घरात त्यांचे विरोधक राहावयास आले. प्रशासनात असे नेहमी घडते. योजना आखणारा बदलून जातो आणि फीत दुसराच कापतो.

१९२५ मध्ये गांधीजी मणिरामपूरला येऊन त्यांना भेटले. मतभेद मोठे होते, पण भेट आदराची होती. त्या वर्षी १६ जूनला दास गेले आणि ६ ऑगस्टला, याच नदीकाठी, सुरेंद्रनाथ.