डब्यातलं विरजण

बँकेच्या नोकरीत माझ्या नऊ बदल्या झाल्या. दर बदलीला सामानाचा ट्रक पुढे जाई आणि आम्ही एस.टी.नं मागून. त्या प्रवासात बायकोच्या मांडीवर एक छोटा स्टीलचा डबा असे. बघणाऱ्याला वाटावं, दागिने असतील. पण त्यात असे विरजण. परभणीहून रत्नागिरीला गेलो तेव्हा भर मे महिना होता. डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं. गाडी थांबली की ही बाई उतरून नळावर फडकं भिजवून आणायची आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसायचा. मी चिडायचो. विरजण काय, पहिल्याच दिवशी शेजारणीकडून वाटीभर मिळालं असतं. तिचं म्हणणं एवढंच की ते त्यांचं, हे आपलं.

त्या डब्याची आठवण मला पुन्हा झाली ती थेट कोपनहेगनमध्ये. मुलीची तिथे दोन वर्षांची नोकरी होती आणि आम्ही दोघं तीन महिने तिच्याकडे राहून आलो. बियरशी माझा संबंध बेताचाच. पण त्या गावात कार्ल्सबर्ग हे नाव चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. ज्या माणसानं ते नाव उभं केलं, त्याची गोष्टही अशाच एका प्रवासापासून सुरू होते.

त्याचं नाव याकोब क्रिश्चन याकोबसेन. जन्म २ सप्टेंबर १८११. बाप युटलंडमधल्या शेतकऱ्याच्या घरातला, नशीब काढायला राजधानीत आलेला आणि तिथे बियर बनवणारा झालेला. त्या काळी डेन्मार्कमध्ये बियर म्हणजे आपल्याकडच्या ताकासारखी रोजची गोष्ट होती. फिकी, गोडसर, घरातल्या थोरामोठ्यांनी जेवणाबरोबर प्यायची. ती कधी बरी निघायची, कधी आंबट. कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. या बापानं धंद्यात थर्मामीटर वापरायला सुरुवात केली, हे त्या काळात नवल होतं. मुलगा कॉलेजात कधी गेला नाही, पण विद्युत आणि चुंबकत्वाचं नातं शोधून काढणाऱ्या ओर्स्टेडची व्याख्यानं मात्र त्यानं मन लावून ऐकली. १८३५ साली बाप गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळा कारभार याच्या अंगावर आला.

बव्हेरियात तेव्हा एक वेगळी बियर बनत होती. स्वच्छ, टिकाऊ, उन्हाळ्यातही न नासणारी. आपण तीच का करू नये, या वेडानं याकोबसेनला घेरलं. पहिले प्रयोग त्यानं घरीच केले, तेही आईच्या कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात. आज जगभर हौसेनं घरच्या घरी लागर बनवणारे लोक आहेत. त्यांचा हा पूर्वज. (आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय असं काही करणं गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कोणी माळ्यावरचा हंडा खाली काढू नये.)

कृती ऐकायला सोपी आहे. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भरडायची. गरम पाण्यात, साधारण पासष्ट अंशांवर, ती तासभर ठेवली की तिच्यातल्या पिठुळपणाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप नावाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर उकळायचं, निववायचं आणि त्यात यीस्ट घालायचं. इथपर्यंत सगळ्या बियरी सारख्याच. फरक पुढे पडतो. नेहमीचं यीस्ट ऊबदार हवेत काम करतं आणि फेसाबरोबर वर येतं, आपल्या आंबोळीच्या पिठासारखं भसाभस. लागरचं यीस्ट थंडीत, आठ ते बारा अंशांत, हळूहळू काम करतं आणि तळाशी बसतं. मग ती बियर आणखी थंड जागी कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने नुसती ठेवून द्यायची. लागर या शब्दाचं मूळच जर्मन भाषेत साठवण्यात आहे. ती जितकी फिकी आणि हलकी, तितकी करायला अवघड, असं हे काम करणारे सांगतात. काळ्या बियरमध्ये भाजलेल्या धान्याच्या वासाखाली चूक झाकली जाते. हलक्या बियरमध्ये झाकायला काही नसतं. याकोबसेनची पहिली लागर गडद तपकिरीच होती. फिकी सोनेरी लागर १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्झेन गावात जन्मली होती, ती डेन्मार्कमध्ये पुढच्या पिढीत रुजली.

आईच्या हंड्यात मनासारखं जमेना. हवं होतं ते अस्सल बव्हेरियन यीस्ट. ते होतं म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत, गाब्रिएल झेडलमायर या नामांकित माणसाकडे. १८४५ मध्ये याकोबसेन तिथे गेला, आणि झेडलमायरनं आपल्या घरचं यीस्ट त्याला दिलं. आजच्या काळात एखादी कंपनी परक्या धंदेवाल्याला असं काही देईल का? याकोबसेन ते पत्र्याच्या दोन डब्यांत भरून निघाला. हजारएक किलोमीटरचा रस्ता, बराचसा घोडागाडीचा. गाडी जिथे थांबे तिथे हा उतरायचा आणि डब्यांवर थंड पाणी ओतून यायचा. यीस्ट तापलं की मेलं.

कोपनहेगनमध्ये हा तपशील मी मोठ्यानं वाचून दाखवला. बायकोनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

यीस्ट जगलं. त्यातून झालेली बियर त्यानं शहराच्या तटबंदीखालच्या गार तळघरांत साठवली. लोकांना ती आवडली. मग १८४७ साली, शहराबाहेर वाल्बीच्या टेकडीवर, चांगलं पाणी आणि नवा लोहमार्ग बघून त्यानं मोठा कारखाना बांधला. पहिला घाणा त्या वर्षीच्या नोव्हेंबरात निघाला. घरात पाच वर्षांचा एकुलता एक मुलगा होता, कार्ल. डॅनिश भाषेत टेकडीला बिअर्ग म्हणतात, जर्मनमध्ये बर्ग. त्यावरून नाव ठेवलं कार्ल्सबर्ग, कार्लची टेकडी. मुलाला वारसा द्यायचाच होता याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

तरीही घडलं उलटंच.

कार्लला बापानं चार वर्षं परदेशांत धंदा शिकायला पाठवलं. १८७० मध्ये तो परतल्यावर शेजारी नवी ब्रुअरी बांधून त्याला भाड्यानं चालवायला दिली. मुलगा हुशार निघाला, फारच हुशार. त्याचा माल खपायला लागला, मागणी वाढली आणि तो भराभर बनवू लागला. बापाचं म्हणणं, बियर कोठारात पुरती मुरली पाहिजे, त्यासाठी कमी बनवावी लागली तरी चालेल. मुलाचं म्हणणं, गिऱ्हाईक दारात उभं आहे.

हा वाद मी बँकेच्या टेबलापलीकडे बसून किती वेळा ऐकला आहे! कोठारात पडून असलेला माल म्हणजे अडकलेलं भांडवल. मुलगा ते मोकळं करायला बघतो, बापाला त्यात आपली अब्रू दिसते. दोघांचेही ताळेबंद बरोबर असतात. अशा वेळी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून देता येते, पण भांडण त्या मर्यादेचं नसतंच.

थोरल्यानं भाडेकरार संपवला. कार्लनं शेजारीच स्वतःची ब्रुअरी उभारली आणि तिलाही कार्ल्सबर्गच नाव दिलं. ते शेवटी त्याचंच नाव होतं! नावावरून तंटा झाला. अखेर १८८२ च्या सुमारास एकाचं जुनं कार्ल्सबर्ग आणि दुसऱ्याचं नवं कार्ल्सबर्ग असं ठरलं. दोन कारखान्यांमधून जाणाऱ्या रस्त्याला बापानं पाश्चरचं नाव दिलं, मुलानं नव्या कार्ल्सबर्गचं. दोघंही आपापल्या नावाच्या पाट्या लावत राहिले. डेन्मार्कमधली दोन बडी श्रीमंत माणसं रस्त्याच्या पाटीवरून भांडत होती आणि अख्खं शहर मजा बघत होतं. बापलेकांचं बोलणं बंद झालं.

त्याआधीच, १८७६ मध्ये, थोरल्यानं कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान स्थापलं होतं. कारभार प्राध्यापकांच्या हाती आणि त्यांना निवडणार डेन्मार्कची राजेशाही विज्ञान अकादमी. आता त्यानं ठरवून टाकलं की आपल्यामागे सगळी ब्रुअरी या प्रतिष्ठानाची. जिच्या नावात मुलाचं नाव होतं, ती मुलाला मिळणार नव्हती.

याच माणसाची दुसरी बाजू याच वर्षांतली आहे. १८७५ मध्ये त्यानं कारखान्याला जोडून प्रयोगशाळा काढली होती आणि अट घातली होती की तिथे लागलेला कुठलाही शोध गुपित ठेवायचा नाही. प्रतिस्पर्ध्याला फायदा झाला तर होऊ दे. त्या प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेन नावाचा माणूस आला. जन्म १८४२, म्हणजे कार्लच्याच वयाचा. गरीब घरातला, घरं रंगवण्याचं काम शिकलेला, शिक्षणाचा खर्च भागवायला कथा लिहिणारा. (पगारासाठी एक काम आणि जिवासाठी दुसरं, हे मला नवीन नाही. त्याचं उलटं होतं एवढंच.) १८८३ मध्ये जुन्या कार्ल्सबर्गची बियर बिघडू लागली. कडवट चव, घाण वास. पाश्चरच्या शिकवणीप्रमाणे दोष जीवाणूंचा असणार, असं सगळे धरून चालले होते. पाश्चर तर थोरल्याचा देवच. हान्सेन म्हणाला, दोष खुद्द यीस्टमध्ये आहे. चांगल्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळलं आहे. थोरल्याचा आधी विश्वास बसेना. हान्सेननं एकच पेशी वेगळी काढली, तिच्यापासून शुद्ध वाण वाढवला आणि नोव्हेंबर १८८३ मध्ये तो कारखान्यात वापरला. बियर सुधारली. जगातल्या लागरचा भरवसा त्या एका पेशीपासून सुरू होतो.

आणि मग याकोबसेननं ते यीस्ट मागेल त्याला देऊन टाकलं. पेटंट नाही, मोबदला नाही. म्युनिकहून मिळालेलं विरजण अडतीस वर्षांनी निवडून, पाखडून जगाला परत गेलं. आज हौशी माणूस घरी लागर करायला यीस्टची पुडी विकत आणतो, ती याच पद्धतीनं वाढवलेल्या शुद्ध वाणाची असते.

त्याच प्रयोगशाळेत त्याच वर्षी केल्डालनं धान्यातली प्रथिनं मोजायची पद्धत काढली. दुधातली प्रथिनं तपासायला ती आजही प्रमाण मानली जाते. १९०९ मध्ये तिथल्याच सोरेन्सेननं पीएचची मोजपट्टी दिली. कृषी कर्जाच्या प्रकरणांना माती परीक्षणाचे अहवाल जोडलेले असत. त्यातल्या पीएचच्या रकान्याकडे मी वर्षानुवर्षं बघत आलो. तो एका बियरच्या कारखान्यातून आला हे मला साठीनंतर कळलं.

जगाला देताना ज्याचा हात आखडला नाही, त्याला पोटच्या मुलाला काही देता येऊ नये, याचं मला राहून राहून नवल वाटे. आता फारसं वाटत नाही. माझ्या मुलानं वर्कशॉप काढायचं म्हणून माझी जामीनदार म्हणून सही मागितली होती. मी त्याचा प्रकल्प अहवाल तपासला आणि नाही म्हणालो. अहवाल कच्चा होता, हे मी आजही म्हणेन. शाखेत अनोळखी माणसांच्या त्याहून कच्च्या अहवालांवर मी सह्या केल्या होत्या, हेही खरं. त्यानं दुसरीकडून पैसे उभे केले. वर्कशॉप चाललं. पण दोन दिवाळ्या तो घरी आला नाही. अनोळखी माणसाला देताना आपण फक्त देतो. मुलाला देताना तो आपल्यासारखाच व्हावा हेही मागत असतो, आणि ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं.

याकोबसेन बापलेकांचा समेट १८८६ मध्ये झाला. पुढच्या वर्षी वसंतात दोन्ही कुटुंबं रोममध्ये भेटली. तिथेच थोरला आजारी पडला आणि ३० एप्रिल १८८७ रोजी गेला. मृत्युपत्र मात्र बदललं नाही. जुनं कार्ल्सबर्ग ठरल्याप्रमाणे प्रतिष्ठानाकडे गेलं.

कार्ल पुढे सत्तावीस वर्षं जगला. त्यानं पैसा कलेत ओतला. कोपनहेगनचं प्रचंड मोठं शिल्पसंग्रहालय त्याचं. बंदरातल्या खडकावर बसलेली ती छोटी जलपरी, जिच्याबरोबर आपली मंडळी फोटो काढतात, ती १९१३ मध्ये त्यानंच दिली. ब्रुअरीच्या फाटकावर १९०१ मध्ये त्यानं ग्रॅनाइटचे चार हत्ती उभे केले आणि त्यांच्या अंगावर स्वस्तिक कोरलं. हिटलरच्या कितीतरी आधी. बायकोनं त्या हत्तींना चक्क नमस्कार केला. बियर आता तिथे पूर्वीसारखी बनत नाही. मोठं उत्पादन २००८ मध्ये फ्रेडेरिसियाला हललं आणि त्या जागेवर घरं, दुकानं, कचेऱ्या उठल्या आहेत. रस्ते मात्र तेच. एका कोपऱ्यावर पाश्चरच्या नावाची पाटी आहे आणि जवळच नव्या कार्ल्सबर्गच्या नावाची. दोघंही जिंकले.

मला थांबवलं ते १९०२ सालानं. त्या वर्षी कार्लनं आपलं नवं कार्ल्सबर्ग दान केलं, आणि तेही बापाच्याच प्रतिष्ठानाला. ज्या दानपत्रामुळे तो वारसाहक्काला मुकला होता, त्याच्यातच त्यानं स्वतःची कमाई घातली. १९०६ मध्ये दोन्ही ब्रुअऱ्या एक झाल्या आणि त्यांचा कारभार त्याच्याकडे आला. आजही त्या कंपनीत मतांचं बहुमत त्याच प्रतिष्ठानाकडे आहे, आणि तिच्या नफ्यातून विज्ञानाला पैसा जातो.

निघायच्या आधी आम्ही वाल्बीमधलं येशूचं चर्च बघायला गेलो. हे कार्लनं घराण्याचं समाधिस्थान म्हणून बांधलेलं, १८९१ मध्ये पुरं झालं. त्याच्या तळघरात आईबाप आहेत. १९१४ मध्ये कार्ल गेला, तेव्हा त्यालाही तिथेच आणलं.