नफा नाही, आधी खर्च सांगा : अँड्र्यू कार्नेगीने मॅनेजर लोकांना कामाला कसं लावलं

अप्रायझलचे दिवस आले की ऑफिसात दोनच विषय असतात. टार्गेट पूर्ण झालं का आणि कंपनीचे शेअर मिळणार का?

या दोन गोष्टींची सांगड घालून सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने अवाढव्य स्टील कंपनी उभी केली. तो म्हणजे अँड्र्यू कार्नेगी.

कार्नेगीचा जन्म २५ नोव्हेंबर १८३५ चा. गाव स्कॉटलंडमधलं डनफर्मलिन. वडील हातमागावर कापड विणायचे. वाफेवर चालणारे माग आले आणि त्यांचा धंदा बसला. १८४८ मध्ये कुटुंबाने अमेरिका गाठली आणि पिट्सबर्गजवळ बस्तान मांडलं. पोरगा कापड गिरणीत लागला. पगार आठवड्याला १ डॉलर २० सेंट.

तिथून तो तार ऑफिसात गेला. तारयंत्राचा आवाज नुसता ऐकून मजकूर ओळखायला शिकला. हे पाहून १८५३ मध्ये पेन्सिल्व्हेनिया रेलरोडच्या थॉमस स्कॉट या अधिकाऱ्याने त्याला महिना ३५ डॉलरवर आपल्याकडे घेतलं.

खरं शिक्षण इथे झालं.

रेल्वे शेकडो मैल पसरलेली. वरच्या साहेबाला सगळीकडे नजर ठेवणं शक्य नव्हतं. त्यामुळे एक टन माल एक मैल न्यायला किती खर्च आला, या आकड्यावरून कारभार तपासला जायचा.

लोखंडाच्या धंद्यात मात्र सगळा अंधार होता. वर्षाच्या शेवटी मालमोजणी व्हायची, तेव्हा कुठे नफा झाला की तोटा ते कळायचं. कोणत्या भट्टीवर किती पैसा जळतोय, याचा पत्ताच नसायचा.

१८७५ मध्ये ब्रॅडॉक इथे कार्नेगीचा एडगर थॉमसन कारखाना सुरू झाला. विल्यम शिन या रेल्वेतल्याच माणसाने तिथे हिशेबाची पद्धत बसवली. कच्चा माल किती, कोळसा किती, मजुरी किती, प्रत्येक विभागाचा टनामागचा खर्च कागदावर येऊ लागला.

कार्नेगीचा पहिला प्रश्न नफ्याचा नसायचा, खर्चाचा असायचा.

त्यामागे साधं गणित होतं. स्टीलचा भाव बाजार ठरवतो. तेजीत ढिला मॅनेजरही हुशार दिसतो आणि मंदीत चांगला मॅनेजर नापास होतो. खर्च मात्र बराचसा मॅनेजरच्या हातात असतो. मग मागच्या महिन्याशी तुलना व्हायची, दुसऱ्या कारखान्याशी तुलना व्हायची आणि जाब विचारला जायचा.

नुसत्या धाकाने माणसं टिकत नाहीत, हेही त्याला ठाऊक होतं. चांगलं काम करणाऱ्या तरुणांना तो कंपनीत छोटी भागीदारी द्यायचा. त्यासाठी रोख पैसे लागत नसत, वाट्याला आलेल्या लाभांशातून ती रक्कम फिटायची. चार्ल्स श्वाब रोजच्या १ डॉलरवर कामाला लागला होता. १८९७ मध्ये तो कंपनीचा प्रेसिडेंट झाला. कारखान्याचा प्रमुख बिल जोन्सने मात्र भागीदारी नाकारून तगडा पगार मागितला. कार्नेगीने त्याला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांइतका पगार दिला.

पण भागीदारीत एक मेख होती. भागीदार बाहेर पडला किंवा त्याला काढलं, तर त्याचा हिस्सा हिशेबाच्या वहीतल्या किमतीला कंपनीच परत घ्यायची. खरी किंमत कितीतरी जास्त असायची. म्हणजे श्रीमंती कागदावर आणि माणूस खुंटीला बांधलेला.

हेन्री क्ले फ्रिक या बड्या भागीदाराशी बिनसल्यावर कार्नेगीने हेच कलम काढलं. फ्रिक कोर्टात गेला. १९०० मध्ये तडजोड झाली आणि फ्रिकला वहीतल्या किमतीच्या कितीतरी पट मोबदला मिळाला.

या पद्धतीची सगळ्यात मोठी किंमत मजुरांनी मोजली. खर्चाच्या तक्त्यात मजुरी हा एक रकाना होता आणि कमी करायच्या रकान्यांत तोही आला. १८९२ मध्ये होमस्टेड कारखान्यात मजुरीकपातीवरून संघर्ष पेटला. फ्रिकने पिंकर्टन एजन्सीचे ३०० पहारेकरी बोलावले. ६ जुलैला गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली आणि पुढे युनियन मोडली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता, पण फ्रिकला त्याचा पाठिंबा होता.

धंद्याच्या हिशेबात कार्नेगी जिंकला. १९०० मध्ये कंपनीचा नफा ४ कोटी डॉलरवर गेला. १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गनने ती ४८ कोटी डॉलरला घेतली.

उरलेलं आयुष्य कार्नेगीने पैसा वाटण्यात घालवलं. ११ ऑगस्ट १९१९ ला तो गेला, तोवर ३५ कोटी डॉलरहून जास्त दान झालं होतं. त्या पैशातून अडीच हजारांवर लायब्ररी उभ्या राहिल्या.

त्यातली एक १८९८ मध्ये होमस्टेडच्या मजुरांसाठी उघडली. तिथल्या भट्टीवर मात्र १२ तासांची पाळी सुरूच होती. पुस्तक हातात घ्यायला वेळ कुणाला होता, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता.