कॅमेऱ्याला रंग चढवणारा माणूस: कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन

भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या एखाद्या मोबाईलच्या दुकानात पाच मिनिटं उभे राहा. गिऱ्हाईक आधी फोन उलटा करतं, मागचा रंग बघतं, भिंगांवरून बोट फिरवतं. मेगापिक्सेलची चौकशी त्यानंतर. ही सवय स्मार्टफोनने लावली असं वाटतं ना? जॉर्ज ईस्टमन यांनी ती शंभर वर्षांपूर्वीच ओळखली होती.

जन्म १८५४, अमेरिकेत. वडील लवकर गेले. आईने घरात भाडेकरू ठेवून संसार चालवला, आणि जॉर्जने शाळा सोडून लहान वयातच नोकरी धरली. पुढे रॉचेस्टर शहरात बँकेत कारकून असताना फोटोचा नाद लागला. तेव्हा फोटो काढायचा म्हणजे भलामोठा कॅमेरा, स्टँड, काचेच्या प्लेटा, रसायनं आणि वर तंबू! ईस्टमन वैतागले. दिवसा बँक, रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग असं करत १८८० मध्ये त्यांनी कोरड्या प्लेटा बनवायचा धंदा सुरू केला.

खरी कमाल १८८८ ची. हातात धरता येईल असा साधा डबा, आत शंभर फोटोंचा रोल, किंमत २५ डॉलर. बघायला खिडकीसुद्धा नव्हती. डब्यावरच्या रेषांवरून नेम धरायचा. दोरी ओढा, बटण दाबा, चावी फिरवा, झालं. रोल संपला की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो धुऊन, नवा रोल भरून परत. कोडॅक या नावाला काही अर्थ नाही बरं का. ईस्टमनना ‘के’ अक्षर आवडायचं, म्हणून ते घडवलेलं.

१९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला. पुठ्ठ्याचा डबा, नाव मुलांच्या लाडक्या चित्रकथेतल्या बुटक्यांचं. मुलांनी उचलून धरला. कमाई मात्र फिल्मवर होती. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनला कॅमेरा घेतला विल्यमसनचा, पण कच्ची फिल्म मागवली कोडॅकचीच.

आणि मग रंग. १९२८ मध्ये कंपनीने वॉल्टर डॉर्विन टीग या डिझायनरला हाताशी धरलं. खिशात मावणारा जुनाच कॅमेरा पाच रंगांत, पक्ष्यांची नावं देऊन बायकांसाठी बाजारात आणला: व्हॅनिटी कोडॅक. फोटो काही वेगळे येत नव्हते. उलट रंगीत भाता नाजूक निघाला, कित्येकांना नंतर काळा बसवावा लागला. १९३० चा बो ब्राउनीही तसाच: ओळखीचा डबा, दर्शनी बाजूला दुरंगी नक्षी. आपल्या फोनच्या ‘नव्या रंगात’ची जाहिरात आठवली की नाही?

त्याच वर्षी कंपनीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा बारा वर्षांच्या मुलांना सुमारे पाच लाख कॅमेरे फुकट वाटले गेले. तेही नेहमीचे काळे नव्हते. बदामी रंगाचे, वर सोनेरी शिक्का. कॅमेऱ्यासोबत एक रोल फुकट, पुढचा विकत!

१४ मार्च १९३२ ला ईस्टमन गेले. रॉचेस्टरमधलं त्यांचं घर आज फोटोग्राफीचं संग्रहालय आहे.